घोकंपट्टीचा वेग

दसऱ्याच्या सुमारास, बालाजीच्या यात्रेची गर्दी गावात लोटलेली असताना, एका माजी विद्यार्थ्याने मला भर रस्त्यात गाठून विचारले, "सर, ओव्हरक्लॉकिंगला मराठीत काय म्हणायचं?" मराठीचा प्राध्यापक म्हणजे शब्दांचा कोठावळा, अशी आमच्या देऊळगाव राजात एक समजूत आहे. लग्नपत्रिकेचा मसुदा, दुकानाची पाटी, निरोपसमारंभाचे मानपत्र, सगळे आमच्याकडे येते आणि विनामूल्य दुरुस्त होऊन जाते. मीही पदाला शोभेल अशा गांभीर्याने 'अतिस्पंदन', 'द्रुतघटीकरण' असे दोन वजनदार शब्द त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते अदबीने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आम्ही आपलं 'रॅम ताणली' असं म्हणतो, सर."

म्हणजे शब्द त्याच्याजवळ होताच, आणि माझ्या दोन्ही शब्दांपेक्षा चांगला होता. इंग्रजी शब्दात नुसती घड्याळाची घाई आहे. 'ताणणे' या आपल्या क्रियापदात तंबोऱ्याची तार आहे, पतंगाची दोरी आहे, आणि फार ताणल्यावर काय होते त्याची धास्तीही आहे. परिभाषा घडविणाऱ्या मंडळींनी कोशापेक्षा दुकानाच्या फळीवर अधिक वेळ काढावा, हा माझा जुना हेका या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झाला असेल. असो.

पण हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. हल्ली मुलगा अकरावीत गेला की घरात 'अभ्यासासाठी' संगणक येतो. पहिले दोन महिने त्यावर खरोखरच अभ्यास होतो. मग केव्हातरी पेटीच्या एका अंगाला काच बसते, आत लाल-निळे दिवे लुकलुकू लागतात, आणि लोटून घेतलेल्या दाराआडून बंदुकांचे बार ऐकू येतात. चिरंजीव गेम खेळत असतात. गेम मधेच अडखळतो. मग जेवणाच्या वेळी विषय निघतो, "बाबा, मेमरीचा स्पीड वाढवला की अडखळणं थांबेल. आणि त्याला पैसे लागत नाहीत!" या शेवटच्या वाक्यापुढे पगारदार बाप टिकल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. 'फुकट' या शब्दाने आपल्या वर्गाला जेवढे गोत्यात आणले आहे, तेवढे महागाईनेही आणले नसेल.

यातले खरे किती, फुकट किती, आणि जोखीम कोणाच्या माथी, हे समजून घेणे बापाला कठीण नाही. आईला तर त्याहून सोपे, कारण सारा प्रकार स्वयंपाकघरासारखा आहे.

संगणकातला प्रोसेसर ही चुलीपुढे बसलेली सुगरण समजा. तिचे हात विजेसारखे चालतात. हाताशी तिखटामिठाचे चार डबे आहेत, ते ती न बघताच उचलते. बाकीचा सारा जिन्नस कोठीच्या खोलीत, आणि तिथून आणून द्यायला एक पोऱ्या. ही कोठी आणि हा पोऱ्या मिळून मेमरी, म्हणजे ती रॅम. ४ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला चार अब्ज ठोके टाकतो. कोठीतून मागवलेली वस्तू त्याच्या हाती पडायला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. ऐकायला हे काहीच नव्हे, पण तेवढ्यात सुगरणीचे सुमारे तीनशे ठोके वाया जातात. ती पळी हातात धरून दाराकडे बघत बसते. गेममधले दृश्य सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे, तर एका दृश्याला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात कोठीकडे हजारो खेपा होतात. खेपा रेंगाळल्या की एखादे दृश्य वेळेवर तयार होत नाही, आणि नेमका शत्रू समोर आला असताना पडदा क्षणभर थिजतो. मुलांचा संताप अगदीच निराधार नसतो.

पोऱ्याची चपळाई दोन गोष्टींवर ठरते. एक त्याचे धावणे. पाकिटावर ३२०० असे छापलेले असते ते हेच. सेकंदाला ३२० कोटी वेळा देवघेव. दुसरे त्याचे रेंगाळणे. सांगितल्यावर उठून योग्य डब्याला हात घालीपर्यंत तो किती ठोके घालवतो, तो आकडा पाकिटावर सीएल या अक्षरांपुढे बारीक टाइपात असतो, आणि दुकानदार त्याविषयी सहसा बोलत नाही. ३२०० ची सीएल १६ ची पट्टी घ्या किंवा ३६०० ची सीएल १८ ची घ्या, हिशेब केला तर दोन्ही ठिकाणी हे रेंगाळणे नेमके दहा नॅनोसेकंदांचे निघते. दुसऱ्या पट्टीचे धावणे अधिक आहे, पण पहिला घास दोघींकडून एकाच वेळी मिळतो. उलट २१३३ ची सीएल १५ ची पट्टी चौदा नॅनोसेकंद घेते, आणि हा फरक खरा आहे.

आता एक व्यावहारिक गोष्ट, जिच्यासाठी काहीच ताणावे लागत नाही. एकाऐवजी दोन पोरे ठेवले तर? सोळा गिगाबाइटची एकच पट्टी लावण्याऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या, तर कोठीची वाट दुप्पट रुंद होते. ३२०० च्या वेगाला सेकंदाला २५.६ गिगाबाइटच्या जागी ५१.२ गिगाबाइट. ज्या घरी वेगळे ग्राफिक्स कार्ड घेण्याची ऐपत नसते आणि २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरवरच सारे भागवलेले असते, त्या घरी तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे चित्र रंगविणारा कारागीरही त्याच कोठीवर जेवत असतो. तरीही पुष्कळ यंत्रांत एकच पट्टी घालून दिली जाते, आणि "पुढे वाढवता येईल" असे वर ऐकवले जाते. ते 'पुढे' कधी उजाडत नाही.

दुसरी गोष्ट पत्रिकेची. रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते आणि तीत त्या पट्टीची जन्मपत्रिका लिहिलेली असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ती वाचतो. पत्रिकेत आधी जेडेक या प्रमाणसंस्थेने घालून दिलेला सोवळा वेग असतो, आणि मागाहून बनविणाऱ्याने आपल्या हमीवर लिहिलेला वाढीव वेग असतो. या वाढीव नोंदीची एक्सएमपी नावाची पद्धत इंटेलने २००७ साली आणली, आणि एएमडीने २०२२ साली डीडीआर-५ साठी एक्स्पो नावाची आपली पद्धत काढली. मदरबोर्ड बिचारा सनातनी. कोणी सांगेपर्यंत तो सोवळ्या वेगानेच चालतो. त्यामुळे ३२०० किंवा ३६०० चे पैसे मोजून आणलेली पट्टी कित्येक घरांत वर्षानुवर्षे २१३३ किंवा २६६६ ने चाललेली असते. आपल्या घरी काय आहे हे बघायला मिनिटही लागत नाही. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडावा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' दाबावे, वेग तिथे लिहिलेला असतो. पाकिटावरचा आकडा आणि हा आकडा जुळला नाही, तर संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जावे आणि एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावे. पत्रिका जुळलीच नाही आणि यंत्र सुरू होईना, तर बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपण होऊन जुन्या वेगावर येतात. नाही आले तर वीज काढून आतली रुपयाएवढी गोल बॅटरी थोडा वेळ बाहेर ठेवली की बोर्ड सारे विसरतो. बोर्ड घेताना मात्र विचारून घ्यावे. इंटेलच्या मधल्या वर्गातल्या बोर्डांना ही मोकळीक २०२१ च्या बी५६० पासून मिळाली. त्याच पिढीच्या स्वस्त एच५१० ला ती नाही. आणखी एक. छापील वाढीव वेगसुद्धा प्रोसेसर बनविणाऱ्यांच्या वॉरंटीच्या अटींत 'ताणणे' यातच मोडतो. अटी वाचण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून सांगितले.

एवढ्याने काय साधते? सरासरी फार वाढत नाही, पण तळाचे आकडे सुधारतात, म्हणजे थिजणे कमी होते. मोठे ग्राफिक्स कार्ड आणि त्याहून मोठा पडदा असेल, तर अडचण रंगाऱ्याच्या हाताची असते. तिथे पोऱ्याला पळवून काही उपयोग नाही. सगळेच गेम असा पळापळीचा स्वयंपाक मागतात असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. गेम म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्या वडिलांनी एकदा मुलाच्या शेजारी बसून तो बघावा, अशी माझी शिफारस आहे.

छापील वेगापर्यंत गोष्ट सरळ आहे. त्याच्या पलीकडे जे सुरू होते ते खरे ताणणे, आणि तो एक नादच आहे. मी या नादाला नाक मुरडत नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की ३०० चा तो ४५० ने धावू लागे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून सातासमुद्रापलीकडच्या बाजारापर्यंत साऱ्या होतकरू मंडळींना स्वर्ग दोन बोटे उरे. त्याच्या आधीच्या संगणकांवर 'टर्बो' नावाचे बटण असे, ते ज्यांना आठवते त्यांना त्यातली गंमतही आठवत असेल. ते बटण खरे तर यंत्राचा वेग उतरवण्यासाठी होते, कारण जुने गेम प्रोसेसरच्या ठोक्यावर वेळ मोजत आणि नव्या यंत्रावर भूत लागल्यासारखे धावत. आज विक्रमवीर मंडळी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन ओतून डीडीआर-५ मेमरीला १२,००० च्या पलीकडे नेतात. हे वेडच, पण व्यायामशाळेत मुद्गल फिरवणाऱ्यालाही आपण वेडा म्हणत नाही. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड केंद्रांनी मेमरीचा बाजार उचलून नेला आणि काही महिन्यांत पट्ट्यांचे भाव दुपटीहून वर गेले. तेव्हापासून आहे तीच पट्टी ताणण्याकडे मुलांचा ओढा वाढला, तर त्यात आपल्याच काटकसरीचे वळण दिसते.

आता त्या पट्टीच्या आत डोकावू. १९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना एक कल्पना सुचली आणि १९६८ साली तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंब साठवणारे एक इवलेसे भांडे, एवढ्यावर एक अक्षरखूण साठवायची. आजची सारी रॅम याच कल्पनेवर उभी आहे. भांडे इतके लहान की गळतेच. म्हणून ते रिकामे होण्याआधी पुन्हा भरावे लागते. डीडीआर-४ मेमरीत प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून पुन्हा लिहायची असा नियम आहे; सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. आजोबांच्या पिढीत तिन्हीसांजेला परवचा म्हणत, पावकी, निमकी, अडीचकी, रोज, न चुकता. ही मेमरी आपला परवचा अखंड म्हणत असते. तो थांबला की आठवण गेली. संगणकाची स्मृती म्हणून जिचे आपण कौतुक करतो ती निव्वळ घोकंपट्टी आहे, हे कळल्यावर मराठीच्या प्राध्यापकाला जरा बरे वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

पोऱ्या परवचा म्हणत असतो तेवढ्या वेळात तो डबा आणून देऊ शकत नाही. म्हणून ताणणारी मंडळी तीन गोष्टी करतात. धावणे वाढवतात, रेंगाळणे कापतात, आणि दोन परवच्यांमधले अंतर लांबवतात. हे अंगी सोसावे म्हणून विजेचा दाबही चढवतात. डीडीआर-४ चा नेमस्त दाब १.२ व्होल्ट, छापील वाढीव वेगाला तो बहुधा १.३५ असतो, आणि हौशी माणूस तिथेही थांबत नाही. आणि इथेच आमचा विदर्भ मधे येतो. भांड्याची गळती उष्णतेबरोबर वाढते. प्रमाणसंस्थेचाच नियम आहे की चिप ८५ अंशांच्या वर गेली तर परवचा दुप्पट वेळा म्हणावा. ताणलेल्या पट्टीला ८५ ची गरज नसते. पन्नाशीच्या आसपासच ती चुकू लागते, हे या नादातली जाणती मंडळी जाणून असतात आणि म्हणून पट्ट्यांवर वेगळा पंखा बसवतात. बाहेर पारा चाळिशीच्या वर, खोलीवर पत्रे, पेटीत ग्राफिक्स कार्डाची भट्टी, मग पट्टीला पन्नाशी गाठायला किती वेळ लागणार?

मेमरी चुकली की संगणक बंद पडतो, निळा पडदा येतो, असे आपण समजतो. तसे झाले तर ते नशीब म्हणायचे. बहुधा ती बोलत नाही. एका शून्याचा एक होतो आणि काम पुढे चालू राहते.

या वैशाखात आमच्या भागातल्या एका लग्नात हे घडले. नवरीचे वडील माझे स्नेही. फोटो काढणारा तरुण कामाला चोख. रात्री कार्यालयातून परतल्यावर त्याने कॅमेऱ्याची कार्डे स्टुडिओतल्या संगणकावर उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती पुसून पुढच्या लग्नाला नेली. तिथी दाट होत्या, कार्डे मोजकी. पंधरा दिवसांनी अल्बमसाठी फोटो निवडायला घरची मंडळी बसली, तेव्हा कित्येक फोटो अर्ध्यावरच फाटल्यासारखे दिसले. वरचा भाग स्वच्छ, खाली करडा पट्टा. कुठे गुलाबी, कुठे हिरवी ओळ. त्यांत आजींचा फोटो होता. आजी अंथरुणाला खिळलेल्या, दहा मिनिटांपुरत्या खुर्चीतून मांडवात आणलेल्या, आणि त्यांच्याजवळ नवरीचा असा तो एकच काढलेला. आजी आषाढात गेल्या.

दोष कोणाचा यावर बरेच रामायण झाले. आधी कार्डावर आळ आला, मग वायरीवर, मग डिस्कवर, आणि अर्थात व्हायरसवर. स्टुडिओशेजारच्या चहावाल्याने मला सांगितले, "मास्तर, याले गर्मी चढली हो." सगळे हसले. मग फोटोवाल्याच्या धाकट्या भावाने, कोणी न विचारता, सांगून टाकले की रात्री याच संगणकावर तो गेम खेळतो, आणि पौषात त्याने ३२०० ची मेमरी ३८०० वर नेली होती, दाब चढवून आणि परवच्याचे अंतर चांगले लांबवून. मात्र त्याने ते आंधळेपणाने केले नव्हते. मेमटेस्ट नावाच्या परीक्षेला ती मेमरी रात्रभर बसवली होती आणि एकही चूक निघाली नव्हती. आताही त्याने तीच परीक्षा पुन्हा रात्रभर घेतली. पुन्हा निर्दोष. पोरगा सुटला असे सगळ्यांना वाटले. पण त्याचे त्यालाच राहवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, शटर अर्धे ओढून, पत्र्याखालच्या त्या खोलीत त्याने परीक्षा तिसऱ्यांदा लावली, आणि पाऊण तासाच्या आत पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. थोड्याच होत्या. पण एका फोटोचे वाटोळे करायला एक पुरते. कार्डावरचा फोटो डिस्कवर जाताना याच कोठीतून जातो. कोठीत जे चुकले तेच डिस्कवर खऱ्यासारखे लिहिले जाते, आणि कार्ड पुसल्यावर विचारायचे कोणाला? लग्नाच्या रात्रीही ती खोली दिवसभराच्या उन्हाने तापलेलीच होती.

मी त्या मुलाला दोष देत नाही. यात्रेत आकाशपाळणा येतो, तेव्हा वरच्या पाळण्यातली तरणी पोरे "अजून जोरात" म्हणून ओरडतात आणि पाळणेवाला खुशीत येऊन खटका सरकवतो. खालच्या पाळण्यात कोणाची तरी आजी नातवाला घट्ट धरून बसलेली असते. स्टुडिओतला संगणक काय किंवा घरातला काय, त्या पाळण्यासारखा सगळ्यांचा असतो. मुलाचा गेम, मुलीचे प्रवेशअर्ज, आईचा भिशीचा हिशेब, वडिलांचे कर्जाचे कागद, सारे त्याच चार पट्ट्यांवरून जाते.

ज्ञानी वाचक म्हणतील की उन्हाची ही कथा जरा रंगवलेली आहे. त्यांच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. २००९ साली टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांचे सहकारी यांनी गूगलच्या असंख्य सर्व्हरांवरील मेमरीच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाकाठी शंभरातल्या आठाहून अधिक पट्ट्यांत चुका सापडल्या, तोवरच्या समजुतीपेक्षा पुष्कळच जास्त. पण तापमानाचा परिणाम मात्र त्यांना अपेक्षेहून कमी दिसला. हे मान्य. पण ती मेमरी नेमस्त वेगाने चालणारी, सर्व्हरांच्या दालनात देखरेखीखाली ठेवलेली. ताणलेली तार आणि सैल तार यांना ऊन सारखे लागत नाही. आणि नेमस्त चालणाऱ्या मेमरीतही एवढ्या चुका निघतात, तर ताणलेलीवर भरवसा किती ठेवायचा, हाही त्याच अभ्यासातून निघणारा प्रश्न आहे.

त्या सर्व्हरांतल्या चुका मोजता आल्या, कारण त्यांत चूक ओळखणारी आणि बहुतेक वेळा दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. आपल्या वेदपाठकांनी हीच युक्ती केली होती. घनपाठात शब्द पुढून, मागून, पुन्हा पुढून म्हटले जातात. एक अक्षर घसरले की पुढच्या फेरीत ते उघडे पडते. आपल्या घरच्या मेमरीला असा घनपाठ शिकवलेला नसतो. डीडीआर-५ मध्ये चिपच्या आतल्या आत चूक दुरुस्त करण्याची थोडी सोय आली आहे, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ती नाही, आणि वेग ताणला की पाय घसरतो तो पुष्कळदा याच वाटेवर.

तेव्हा चिरंजीवांनी परवानगी मागितली तर माझे मत विचाराल तर असे. छापील वेग जरूर चालू करू द्यावा. त्याचे पैसे आपण मोजलेले आहेत. दोन पट्ट्या नसतील तर आधी त्या कराव्यात. त्यापुढे ताणायचे असेल तर यंत्र त्याचे एकट्याचे असावे, आणि त्यावर घरातले दुसरे काही नसावे. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून फुकट चालते, पण ती मे महिन्यात, दुपारी, कूलर बंद करून घ्यावी. पौषातल्या रात्री उत्तीर्ण झालेल्याला वैशाखातल्या दुपारची नोकरी देऊ नये. आणि फोटो कुठेही उतरवले तरी दोन ठिकाणी ठेवल्याशिवाय कार्ड पुसू नये. हा नियम मेमरी न ताणणाऱ्यांनाही लागू आहे, आणि तो पाळणारे घर मला अजून सापडायचे आहे.

त्या स्टुडिओतली मेमरी आता पुन्हा ३२०० वर आहे. फोटोवाल्याने आणखी चार कार्डे घेतली, आणि अल्बम घरी पोचेपर्यंत जुनी पुसत नाही. धाकट्याला मी विचारले, गेममध्ये किती फरक पडला? "मोजला तर पडलाय, सर. मोजला नाही तर कळत नाही," तो म्हणाला. आजींचा फोटो त्यानेच कापून, चौकट करून दिला. वरच्या अर्ध्यात त्यांचा चेहरा शाबूत आहे आणि नजर खाली झुकलेली आहे. वाकलेली नवरी आणि तिच्या डोक्यावर ठेवलेला हात खालच्या करड्या पट्ट्यात गेला.